पियुषच्या रीलमध्ये जे दिसत नव्हतं

रोशनी मॅडमनी प्रोजेक्टर सुरू केला आणि रंजीता बाकावर खाली सरकली.

वर्गाच्या भिंतीवर तिचा दादा, पियुष, उभा होता. काळा चष्मा, लाल बुलेट, मागे सागाचं रान. गाण्याच्या ठेक्यावर तो पन्नीतला खर्रा घोटत होता. सुपारी, तंबाखू, चुना, सगळं एकजीव झालं तशी त्याने चिमूट गालात सारली, मान किंचित वळवली आणि म्हणाला, "दम असन तर ये, नाईतर बाजूले सर!"

आठवीतल्या अर्ध्या पोरांनी ते वाक्य त्याच्यासोबतच म्हटलं.

"तुम्ही पाहता तो एक व्हिडिओ सुचवा म्हटलं होतं," मॅडम म्हणाल्या, "तर सगळ्यात जास्त जणांनी हाच सुचवला."

मॅडम कोरपन्याकडच्या. अहेरीजवळच्या या गावात त्या यंदाच बदलून आल्या होत्या. कोण कोणाचा भाऊ, हे त्यांना अजून ठाऊक नव्हतं. मागच्या आठवड्यात त्यांनी वेलचीची एक जाहिरात दाखवली होती. त्यात एक हिरो हेलिकॉप्टरमधून उतरून वेलची खातो. "चार दाणे वेलची विकायला एवढं हेलिकॉप्टर कशाला लागतं?" असं त्यांनी विचारलं होतं. मग पोरांनीच शोधून काढलं की त्याच नावाचा गुटखा येतो, आणि गुटख्याची जाहिरात करता येत नाही म्हणून वेलची पुढे केली आहे. तेव्हा रंजीतालाही मजा वाटली होती.

आज मात्र तिची नजर वर होत नव्हती.

"हे कोणी बनवलं? याच्यात फायदा कोणाचा?" मॅडमनी विचारलं.

"बुलेट त्याची नाई, मॅडम. लच्छूभाऊची हाय. चौकातल्या पानठेलेवाल्याची."

"मांगं पाहा, ठेल्याचा बोर्ड दिसून राह्यला."

"त्याले खर्रा फुकट भेटत असन!"

वर्ग हसला. शेजारी बसलेल्या दिव्यानीने बाकाखाली रंजीताचा हात धरला.

"छान. आणि या व्हिडिओत काय दाखवलं नाही?"

पोरं एकमेकांकडे पाहू लागली. मग मागून कोणीतरी म्हणालं, "मॅडम, रंजीताले इचारा ना. तिचाच भाऊ हाय तो."

मॅडमचा चेहरा उतरला. त्यांनी घाईने प्रोजेक्टर बंद केला. सगळी तोंडं रंजीताकडे वळली होती. ती उभी राहिली. काय दाखवलं नाही ते तिला ठाऊक होतं. दादाने कित्येक महिन्यांत मिरचीला हात लावला नव्हता. आई त्याची भाजी वेगळी काढायची, "उष्णता झाली पोराले" म्हणायची. भाताचे अगदी लहान घास करून तो ते ओठांतून आत ढकलायचा. आताशा तो मोकळं हसत नव्हता आणि रीलसुद्धा नेहमी एकाच बाजूने काढायला लावायचा.

"काई नाई, मॅडम," ती म्हणाली आणि खाली बसली.

शाळा सुटल्यावर मॅडमनी तिला व्हरांड्यात गाठलं. "चुकलं माझं. आधी विचारायला हवं होतं."

रंजीताने मान हलवली. मग जमिनीकडे पाहत हळूच विचारलं, "मॅडम, कोनाले तिखट अजिबात सहन होत नसन, तर ते का असते?"

मॅडम थबकल्या. "खर्ऱ्याने तोंड आतून आखडत जातं. किती उघडतं त्याचं? आपली तीन बोटं अशी उभी जायला पाहिजेत. जात नसतील, तर डॉक्टरला दाखवायला उशीर करू नका."

त्या दिवसापासून रंजीताचं लक्ष दादाच्या तोंडावरून हलेना. जेवताना, बोलताना, ब्रश करताना ती चोरून पाहायची. एकदा धीर करून म्हणाली, "दादा, तीन बोटं घालून दाखव ना तोंडात."

"पागल झाली का? चाल, अभ्यास कर."

"एकडाव पाहू दे ना."

"मले मास्तरीनपना नको शिकवू, रंजे!" तो एवढ्या जोरात ओरडला की ओसरीवर बसलेल्या त्यांच्या वडिलांनी, भैयाजींनी, वळून पाहिलं. त्यांच्याही गालात खर्राच होता. ते पिचकारी टाकायला उठले.

वर्गातली गोष्ट चौकात पोचायला वेळ लागला नाही. लच्छूने पियुषला ठेल्यावर सगळ्यांसमोर चिडवलं, "काऊन रे हिरो, शाळेत तुया धडा लावला म्हणते!" दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती लाल बुलेट शाळेच्या फाटकात येऊन थांबली. मागे पियुषचा दोस्त सुकलू बसला होता. त्याने मोबाईल आधीच वर धरला होता.

रंजीताने डबा बंद केला. दादा मॅडमला काहीबाही बोलेल, सुकलू ते सगळ्या तालुक्यात पाठवेल, आणि आपल्याला या शाळेत तोंड दाखवायला जागा राहणार नाही, एवढंच तिला दिसत होतं.

"मॅडम, तुमी पोराईसमोर मायी बदनामी काऊन करून राह्यल्या?" पियुष व्हरांड्याच्या पायरीशी उभा राहून म्हणाला.

"बदनामी केली नाही. या व्हिडिओत काय दिसत नाही, एवढं विचारलं." मॅडमचा आवाज शांत होता. "मोबाईल बंद करायला सांग. इथे लहान मुलं आहेत."

"चालू राहू दे रे, सुकलू! लोकाईलेबी पाहू दे."

डबे सोडून पोरं गोळा झाली. रंजीता गर्दीतून पुढे आली. तिला रडू येत होतं, पण रडली तर तेही मोबाईलमध्ये जाणार होतं.

"दादा," ती म्हणाली, "तोंड उघड."

"का?"

"असं." तिने तीन बोटं जोडून उभी धरली आणि स्वतःच्या तोंडात घातली. कोणी सांगितलं नव्हतं, तरी शेजारच्या दिव्यानीनेही घातली. मग तिच्या मागच्या पोरीने, मग पाचवी-सहावीच्या पोरांनीही. बघता बघता सगळा व्हरांडा तीन बोटं तोंडात घालून पियुषकडे पाहत उभा राहिला. हसलं कोणीच नाही. प्रत्येक जण आपापलं तोंड तपासत होता.

पियुषचाही हात नकळत वर गेला. एक बोट गेलं. दुसरं दातांवर अडकलं. त्याने जोर लावला, तशी त्याच्या डोळ्यांच्या कडा ओल्या झाल्या. त्याने हात खाली घेतला आणि तो आपल्या बोटांकडेच पाहत राहिला.

"बंद कर," तो सुकलूला म्हणाला.

सुकलूने मोबाईल कधीच खाली घेतला होता. पाठ फिरवून तो गुपचूप स्वतःची बोटं तोंडात घालून पाहत होता.

संध्याकाळी पियुष चुलीपाशी येऊन बसला. आई भात वाढत होती. "बाई," तो आईला म्हणाला, "मले दवाखान्यात जा लागते." काय झालं ते आईने विचारलं, तेव्हा त्याने रंजीताकडे पाहिलं. रंजीतानेच सांगितलं.

चंद्रपूरच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी बॅटरीच्या उजेडात त्याच्या गालाची आतली बाजू पाहिली. एक पांढरा चट्टा त्यांना बरा वाटला नाही. त्याचा लहानसा तुकडा काढून त्यांनी तपासायला पाठवला.

रिपोर्ट येईपर्यंत घरात कोणाचं कामात लक्ष नव्हतं. आई भात चुलीवर ठेवून विसरायची. पियुषने आपल्या सगळ्या रील पुसून टाकल्या, पण तो बुलेटवाला व्हिडिओ लच्छूच्या पेजवर होताच, आणि तिथून तो कुठे कुठे गेला होता ते कोणालाच सांगता येत नव्हतं. वर्गातल्या पोरांच्या घरच्या मोबाईलवर तो अजून यायचा. रंजीता शाळेत जायची. कोणी चिडवायचं नाही. ते तिला जास्तच अवघड वाटायचं. मॅडम रोज एकच विचारायच्या, "आला का?"

रिपोर्ट घ्यायला भैयाजी, पियुष आणि रंजीता तिघेही गेले.

"कॅन्सर नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. भैयाजींनी भिंतीला हात टेकला. "पण ऐकून घ्या. आतली कातडी आखडून चामड्यासारखी झाली आहे. इंजेक्शनं देऊ, व्यायाम देऊ, थोडं उघडेल. पूर्वीसारखं होईलच असं नाही. आणि खर्रा पुन्हा सुरू केला, तर पुढचा रिपोर्ट असाच येईल हे मी सांगू शकत नाही." मग त्यांनी भैयाजींकडे पाहिलं. "तुमचंही तोंड बघू या. बसा."

परतीच्या बसमध्ये गोंडपिपरीला एक पोरगा चढला. शाळेचाच असेल, ओठांवर लव फुटलेली. दोनदा वळून पाहून तो पियुषच्या सीटपाशी आला.

"भाऊ, तुमी ते रीलवाले ना?" त्याने हसून खिशातून पुडी काढली. "घ्या ना. आत्ताच घोटून आनला."

पियुषची बोटं हलली. रंजीताने ते पाहिलं.

"नको," तो म्हणाला. "मया तोंडातून तुकडा कापून नेला होता तपासाले."

पोरगा खळखळून हसला. "भारी हाय, भाऊ! नवीन डायलॉग का?"

"नाई. खरंच."

पोरग्याने एकदा त्याच्याकडे, एकदा रंजीताकडे, मग खिडकीबाहेर पाहणाऱ्या भैयाजींकडे पाहिलं. पुडी त्याने टाकली नाही, परत खिशात ठेवली. आष्टीच्या स्टँडवर तो उतरला आणि गर्दीत दिसेनासा झाला.

बस तिथे थांबली होती. खाली ठेल्यांची रांग होती आणि घोटल्या जाणाऱ्या खर्ऱ्याचा वास आत येत होता.

"दादा, पानी प्याले उतरशीन?"

पियुषने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते. "नको. उतरलो तर घेईन मी."

रंजीता उठली. तिने त्याला खिडकीकडे सरकवलं आणि दाराकडच्या बाजूला स्वतः बसली. गुडघे पुढच्या सीटला टेकवून वाट अडवून धरली, आणि ड्रायव्हर कधी येतो ते पाहत राहिली.