काट्याच्या रस्त्यावरचे टायर

कारंज्यात आमचं सायकलचं दुकान आहे. सायकलीने वाशिमपर्यंत फिरून यायचं ठरलं, तेव्हा माझ्या नवऱ्याने, एजाजने, आपल्या सायकलला दुकानातले सगळ्यात जाड, खोल खाचांचे टायर चढवले. मी हलके, गुळगुळीत निवडले. त्यांच्या रबराखाली काटा अडवणारी चिवट पट्टी होती.

"सकीना, बाभळीचे काटे पाह्यले का तू? हे टायर टिकन का?"

"डांबरी रोड हाय, सामान म्हून जवळ एकेकच पिशवी हाय. ट्रॅक्टरचे टायर कायले पाह्यजे? काटा जाडीनं नाही अडत, पट्टीनं अडते!"

शेलूबाजारच्या अलीकडे कोणीतरी शेताच्या कुंपणासाठी बाभळीच्या फांद्या ओढत नेल्या होत्या. रस्ताभर काटे सांडले होते. माझी सायकल नुसती पळत होती, म्हणून मी बरीच पुढे होते. वळून पाहिलं, तर एजाज खाली उतरून हवा गेलेलं चाक दाबून पाहत होता. माझ्याही टायरात एक काटा रुतला होता. मी तो नखांनी उपटला. हवा जशीच्या तशी होती.

परत आल्यावर मी दुकानात आत काम करत होते. बाहेर एजाज गिऱ्हाइकाला तावातावाने सांगत होता, "जाड टायर कायले घेता? आत पट्टी पाह्यजे!"

"कोन म्हन्ते असं?" गिऱ्हाइकाने विचारलं.

"कंपनीवाले म्हन्तात."

एजाजच्या सायकलची ठिगळं लावलेली ट्यूब उचलून मी बाहेर आले आणि हारासारखी त्याच्या गळ्यात घातली.

"घ्या," म्हटलं, "कंपनी आली."