पाठमोरी खुर्ची

बकुळेच्या पर्समध्ये रघुनाथरावांना तिचेच सहा फोटो सापडले. झाशीच्या बडा बाजारातल्या स्टुडिओत काढलेले. कुठे मान अशी, कुठे तशी, आणि शेवटच्यात खांद्यावरून मागे वळून बघतेय. वीस वर्षांच्या मुलीची पर्स बापानं उघडायची नसते, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण ती जीन्स घालून ऑर्केस्ट्रात पॉप गाणी म्हणायला लागल्यापासून त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. कार्यक्रमाला जात, पण मागे उभे राहून पोरांच्या नजरा तपासत. कोण कुठे बघतोय, कोण शिट्टी मारतोय, हिची बाही केवढी. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात हयात गेलेला माणूस. बांधलेलं गाठोडं दिसलं की आत काहीतरी लपवलंय, असंच त्यांच्या मनात यायचं.

खोदून विचारल्यावर बकुळेनं सांगून टाकलं. दिल्लीच्या एका कॅसेट कंपनीनं तिची टेप ऐकली होती. कंपनीचा जयसिंग नावाचा माणूस गुरुवारी झाशीला येणार होता आणि त्यानं फोटो मागितले होते. गाण्याला फोटो कशाला, हा रघुनाथरावांचा प्रश्न तसा रास्तच होता. उत्तर मात्र त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं, आणि चार दिवस घरात कुणाशी धड बोलले नाहीत.

सत्त्याण्णव सालातली ही गोष्ट. गणपती आठवड्यावर आले होते. झाशीत मराठी घरं मोजकी, जो तो कुणाचा तरी मामा नाहीतर साडू, म्हणून मंडळाच्या गायन स्पर्धेत एक जुना नियम होता. परीक्षकानं मंचाकडे पाठ करून बसायचं. गाणाऱ्याचा फक्त नंबर पुकारायचा, परीक्षकानं गुण लिहायचे, आणि मग मोठ्यानं विचारायचं, "नाव?" चौदा वर्षं त्या पाठमोऱ्या खुर्चीत रघुनाथराव बसत होते, आणि त्यांच्या निकालावर कधी कुणी बोट ठेवलं नव्हतं. फक्त बकुळेचा नंबर त्यांना घरूनच माहीत असायचा, तो आला की ते उठून बाहेर जात. स्वतःच्या मुलीला गुण कसे द्यायचे? म्हणजे बघा, साऱ्या गावाच्या मुली त्यांनी कानांनी ऐकल्या, आणि स्वतःची तेवढी डोळ्यांनी पाहिली.

गुरुवारी जयसिंग सकाळच्या शताब्दीनं आला. संध्याकाळच्या शताब्दीनं परत जायचं होतं. लक्ष्मी गेटजवळच्या त्यांच्या घरात चहा-चिवडा झाला. मालक कोण, रेकॉर्डिंगला सोबत कोण, रघुनाथरावांनी उलटतपासणी घेतली. जयसिंगनं फोटो पाहिले, मग चष्मा लावलेल्या, अंगानं भरलेल्या बकुळेकडे पाहिलं आणि फोटो उलटे ठेवले.

"आवाज़ कमाल है अंकल जी," तो म्हणाला, "पर कवर पर ये चेहरा नहीं चलेगा. पॉप में पहले चेहरा बिकता है."

त्याची योजना साधी होती. गाणार बकुळा. कवरवर दुसरी मुलगी, व्हिडिओत तोकड्या कपड्यांत ओठ हलवणार तीच, आणि नावही तिचंच. मान्य असेल तर इथे सह्या करा.

आता कुठलाही बाप भडकला असता की नाही? आपल्या रघुनाथरावांना हुश्श झालं! फोटो नाही, नाव नाही, कुणी शिट्टी मारणार नाही, घराची अब्रू शाबूत. चार दिवस ज्या खोटीचा वास घेत फिरत होते, ती समोर आली तेव्हा त्यांना तो देवाचा प्रसाद वाटला. कागद हातात घेऊन त्यांनी पेन मागितलं.

"बाबा, माझं नावसुद्धा नाही?" बकुळेनं विचारलं.

नाव घेऊन काय करायचंय, गायला मिळतंय ना, असं ते म्हणाले.

एवढ्यात त्यांची थोरली बहीण कमळा ड्यूटीवरून आली. स्टेशनवर गाड्यांच्या घोषणा करणारी ती कमळाआत्या. तिनं सगळं ऐकून घेतलं, पिशवी खाली ठेवली आणि उभ्या उभ्याच बोलली.

"रघू, सत्तावीस वर्षं हे गाव माझा आवाज ऐकतंय, तोंड कुणाला माहीत नाही. माझं त्यानं काही अडलं नाही, कारण लोकांना गाडी हवी असते. पण गाणं म्हणजे घोषणा नव्हे. ते तिचं आहे. ह्याला तिचं अंग विकता येत नाही म्हणून हा तिला लपवतो, आणि तुला तिच्या अंगाची भीती वाटते म्हणून तू लपवतोस. तुमच्या दोघांत फरक काय? गाणं ऐकलंयस का तिचं कधी? फिरव खुर्ची."

अक्काचा शब्द त्यांनी कधी मोडला नव्हता. कुरकुरत त्यांनी खुर्ची भिंतीकडे फिरवली. बकुळा गायली, स्वतः बांधलेलं एक पॉप गाणं. आधी रघुनाथराव भिंतीवरचं कॅलेंडर बघत होते. मग अंतऱ्याच्या आधी तिनं श्वास घेतला, कुणाला कळू नये असा, आणि त्यांनी डोळे मिटले. तो श्वास त्यांनीच तिला शिकवला होता, ती सात वर्षांची असताना, पेटीपाशी बसवून. पोरीनं तो जपला होता! सवयीनं त्यांचा हात चालू लागला. करारनाम्याच्या पाठीवर त्यांनी लिहिलं, सूर नऊ, ताल नऊ, दमसास दहा. चौदा वर्षांत दहा त्यांनी कुणाला दिले नव्हते. गाणं संपलं आणि सवयीनंच त्यांच्या तोंडून निघालं, "नाव?"

मग मागून आवाज आला, "बकुळा रघुनाथ चांदोरकर."

ते नाव त्यांनी गुणांच्या खाली लिहिलं. केवढी चूक करत होतो मी! गुण देऊन नाव खोडणारा परीक्षक त्यांनी मंडळात एक दिवस टिकू दिला नसता. खुर्ची फिरवून त्यांनी जयसिंगला सांगितलं, नाव हिचंच आणि फोटोही हिचाच, नाहीतर कॅसेट नाही. जयसिंग फक्त नाव छापायला तयार झाला, तेही बारीक अक्षरात. रघुनाथरावांनी सही केली नाही आणि करार परतही दिला नाही. त्याच्या पाठीवर आता मुलीचे गुण होते. जयसिंग संध्याकाळच्या गाडीनं गेला. बकुळा त्या रात्री रडली, खोटं कशाला सांगू? तशी संधी पुन्हा आली नाही.

त्या वर्षी गणपतीत रघुनाथरावांनी परीक्षकाची खुर्ची दुसऱ्याला दिली आणि स्वतः पहिल्या रांगेत बसले. बकुळा जीन्समध्येच गायला उभी राहिली. एका पोरानं शिट्टी मारली. त्यांनी वळून पाहिलं नाही. ते मुलीच्या चेहऱ्याकडे बघत होते. संशयी स्वभाव काही गेला नाही, पण आता पहिला संशय ते स्वतःच्या डोळ्यांवर घेतात.

मंडळी, गाणं पारखायचं असेल तर पाठ फिरवा, जरूर फिरवा. पण गाणं संपल्यावर वळायला विसरू नका. जिचं गाणं, तिचंच नाव आणि तिचाच चेहरा, हे आपण रसिकांनी मागितलं नाही, तर दुकानदार कशाला देतील?