सभेले हजर

आमच्या सिरसोलीची नगरपंचायत झाली, हे तुम्ही पेपरात वाचलं असन. नसन वाचलं तरी काई बिघडत नाई, कोपऱ्यात चार ओळीची बातमी होती. त्या चार ओळीसाठी मी सहा महिने धावलो. मी कवडू, ग्रामपंचायतचा लिपिक, बावीस वर्षं झाले मले या खुर्चीवर. अन् या सगळ्यात मी शेण खाल्लं. कोणी माह्याकडं बोट दाखवलं नाई, म्हणून आता मीच सांगून राह्यलो.

लोकायले वाटते, सरकार एक कागद काढते अन् गावाचं शहर होऊन जाते. तसं नसते बाप्पा! आधी वरून विचारणा येते. लोकसंख्या किती, शेती सोडून दुसऱ्या कामावर पोट भरणारे किती, दुकानं किती, नळ किती. मंग नकाशा. मंग ग्रामसभेचा ठराव. मंग सरकार जाहीर करते की या गावाचं शहर कराचा विचार हाय, कोणाले हरकत असन तं तीस दिवसात लिहून द्या. मंग सुनावणी, मंग राजपत्र. माणसं मंत्रालयाचं नाव घेतेत, पण ह्या सगळ्या कागदायची सुरुवात माह्यासारख्या कारकुनाच्या टेबलावर होते. मी आकडे भरले. शेती सोडून काम करणाऱ्यायचा आकडा कमी पडत होता, तं पुलगावले दुकानात जाणारे, सेवाग्रामच्या दवाखान्यात कामाले जाणारे, सगळे घर घर फिरून मोजले. तेवढं काम मी इमानदारीनं केलं, हे बी लिहून ठेवा.

मले एवढी हौस काऊन होती? ग्रामपंचायतच्या नोकरीले नुसतं नोकरी म्हणाचं अन् गप बसाचं, अशी ती नोकरी. नगरपंचायत झाली की जुन्या कर्मचाऱ्यायले सामावून घेतेत. म्हणजे पक्के सरकारी. मागच्या वर्षी मोठ्या पोरीले पाहाले पाहुणे आलते. पोरगी पसंत पडली, चहा झाला, अन् त्यातला एक जण मले विचारते, "तुम्ही पर्मनंट हायेत का?" मी कप खाली ठेवला अन् पान आणतो म्हणून उठून बाहेर गेलो. माही बायको यशोदा कधी काई म्हणली नाई. पण त्या दिवशी कप धुताना तिनं एक बी आवाज केला नाई, अन् तेच मले जास्त लागलं.

तं ग्रामसभा. मे महिना, सकाळचे अकरा, शाळेच्या व्हरांड्यात. कोरमले शंभर माणूस पाहिजे. आले अडतीस. त्यातले सहा जण पंखा पाहून बसले होते. सरपंच प्रभाकरराव माणूस वाईट नाई, पण त्याले घाई भारी. त्यानं ठराव वाचला, टाळ्या वाजवल्या, अन् माह्या कानाशी येऊन म्हणे, "कवडू, रजिस्टर फिरव."

हे फिरवणं आमच्याकडं काई नवं नाई. सभा शाळेत होते अन् सह्या घरोघरी होतेत. रजिस्टर माह्या पिशवीत जाते, मी एकेका दारात उभा राहतो, "करा सही" म्हणतो, माणूस करते. कायची सही, कोणी विचारत नाई, कारण मी विचारू देत नाई. दार उघडलं की आधी पोराबाळायची चौकशी, बोलता बोलता पान उघडाचं, पेन हातात द्याचा. बावीस वर्षांत हात बसला हाय माहा. त्या दिवशी मले बासष्ट सह्या अन् अंगठे पाहिजे होते. त्या उन्हातच मी निंघालो.

विचारलं फक्त एका बाईनं. आनंदाबाईनं.

आनंदाबाई म्हणजे शाळेत खिचडी शिजवते ती. माह्या मायची मैत्रीण. माय गेली तवा तेरा दिवस हिनं आमच्या घरी चूल पेटवली. मी तिले मावशी म्हणतो. नवरा नाई, लेक अन् सून दोघं बी गेले, एक नात हाय अपेक्षा, ती सेवाग्रामले नर्सिंग शिकते. मावशीचं घर मातीचं, मागची भिंत पोट काढून राह्यलेली. घरकुलाच्या यादीत तिचं नाव चौथं. पाच वर्षं झाले, ती मले दर सोमवारी विचारते, "कवडू, चौथं हाय का अजून, का तिसरं झालं?" अन् मी म्हणतो, "आलं समज मावशी."

मी रजिस्टर तिच्यासमोर धरलं. तिनं पदराले हात पुसला अन् विचारलं, "कायचं रे हे?"

आता ऐका. आठ दिवस आधी तालुक्याच्या गावी आमची बैठक झाली होती. तिथं मीच उभा राहून विचारलं होतं, की साहेब, शहर झाल्यावर आमच्या घरकुलाच्या यादीचं काय? साहेब म्हणे, ती यादी गावाची, गाव राह्यलं नाई की ती यादी तिथंच थांबन, शहराची योजना वेगळी. म्हणजे मले मालूम होतं. कोणी म्हणन की बिचाऱ्या कवडूले माहीत नव्हतं, तं त्याले सांगा, कवडूले बरोबर मालूम होतं.

अन् मी म्हणलं, "घरकुलाचं हाय मावशी."

तिचं तोंड असं खुललं! अंगठा शाईत बुडवला, दाबून लावला, अन् मंग त्या पोट काढलेल्या भिंतीलेच पुसला. "मंग भिंत पाडून ठेवू का? फोटो काढाले येतेत ना ते, जागा मोकळी लागते म्हणतेत."

आमच्याकडं असंच हाय. मंजुरी आली की माणूस जुनं घर पाडते, मोकळ्या जागेवर उभं राहून फोटो काढून घेते, तवा पुढचं काम होते. मी नाई म्हणाले पाहिजे होतं. थांब म्हणलं असतं तरी चाललं असतं. पण ऊन डोक्यावर होतं, अजून वीस-बावीस घरं बाकी होते, अन् थांब म्हणलं असतं तं तिनं काऊन म्हणून विचारलं असतं. मी म्हणलं, "हो, करून ठेवजो मोकळी."

चार शब्द. ते मी कोणाच्या दबावात नाई म्हणले.

आठ दिवसानं मी तिकडून गेलो, तं घर नाई! मावशी दोन बायका घेऊन ढेकळं उचलून राह्यली. शेजारच्या कुडाले चार टिनं टेकवून त्याच्याखाली भांडे ठेवले होते. मले पाहून ओरडली, "पाहा, झाली का नाई मोकळी?" मी हात वर केला अन् गाडी थांबवली नाई.

जुलैत सरकारची सूचना आली. ती मीच फलकावर चिकटवली, चारी कोपऱ्याले खळ लावून. तीस दिवसात एकच हरकत आली, अण्णाजीची. अण्णाजी म्हणजे आमच्या शाळेचे जुने मुख्याध्यापक, मले त्यायनंच शिकवलं. त्यायनं लिहिलं होतं की शहर होऊ नये असं माहं म्हणणं नाई, पण गावाले विचारल्याशिवाय होऊ नये. सभेले कोरम नव्हता, सह्या घरोघरी घेतल्या, लोकायले खोटं सांगून घेतल्या. अन् पुरावा म्हणून एकच नाव देलं होतं, श्रीमती आनंदाबाई. मावशीनंच त्यायले हौसेनं सांगतलं होतं की माहा अंगठा झाला, घरकुल येते आता.

प्रभाकरराव तं पांढराच पडला. "कवडू, ती म्हातारी नाई म्हणली तं ठराव गेला. अन् तू बी गेला. खोटं रजिस्टर तुह्या हातचं हाय." मंग आवाज खाली करून म्हणे, "तूच घेऊन जा तिले सुनावणीले. तुह्या मायसारखी हाय ना?"

मी घेऊन गेलो. मंगळवार होता. मावशीनं धुतलेलं लुगडं नेसलं होतं. गाडीवर माह्या मागं बसली, खांद्याले धरून. तीस मिनिटाचा रस्ता. मी तिले सांगू शकत होतो. प्रत्येक वळणावर म्हणलं, आता सांगतो, त्या पुलापाशी सांगतो, त्या चहाच्या टपरीपाशी गाडी थांबवून सांगतो. टपरी मागं गेली. एरवी ही बाई रस्त्यानं कोणाची कपाशीची पराटी कशी हाय, कोणाच्या तुरी बसल्या, हे सांगत येते. त्या दिवशी ती एक शब्द बोलली नाई. मले वाटलं, साहेबासमोर जाचं म्हणून घाबरली असन.

सुनावणी घेणारे साहेब तरुण होते, बोलाले नरम. टेबलावर माहं रजिस्टर उघडं. एका बाजूनं अण्णाजी बसले, काठी मांडीवर घेऊन. मावशी खुर्चीवर बसाले तयार नाई, उभीच राह्यली. मी तिच्या बाजूले.

"आजी, हा अंगठा तुमचा आहे?"

"हो."

"कुठं लावला? सभेत की घरी?"

मावशीनं माह्याकडं पाह्यलं. लय वेळ पाह्यलं. तिनं मान वळवली अन् म्हणली, "सभेतच लावला साहेब. मी सभेले हजर होती."

"कशाचा ठराव होता, माहीत होतं?"

"हो तं. आपल्या गावाचं शहर होणार हाय."

मी चमकलो. हे मी तिले कधीच सांगतलं नव्हतं. पण मनाले समजावलं, गावात चर्चा हाय, कोणी बोललं असन. अण्णाजीनं चष्मा काढला अन् सदऱ्याच्या टोकानं पुसत राह्यले. साहेबानं लिहून घेतलं, पेन खाली ठेवला, अन् मले विचारलं, "लिपिक तुम्हीच ना? तुमचं काही म्हणणं?"

खिडकीतून बाहेरच्या लोकायचा आवाज येऊन राह्यला होता. मी म्हणलं, "काई नाई साहेब."

पुढं सगळं झपाट्यानं झालं. हरकत फेटाळली. राजपत्र निंघालं. सरपंचाची खुर्ची गेली, प्रशासक आले, ग्रामपंचायतच्या पाटीवर नवा रंग चढला. सामावून घ्याच्या यादीत माहं नाव आलं. यशोदा केळझरच्या गणपतीले पेढे ठेवून आली अन् अख्ख्या गल्लीत वाटले. तिनं आनंदाबाईच्या घरी बी देले. घरी म्हणजे टिनाखाली.

घरकुलाची यादी थांबल्याचं पत्र आलं, ते बी माह्याच हातात. मी ते चार दिवस ड्रॉवरात ठेवलं. शहराच्या योजनेले जागेचा कागद लागते, अन् मावशीच्या जागेचा कागद तिच्या सासऱ्यापाशी बी नव्हता. मी सगळे रस्ते पाहून घेतले, कोणताच तिच्या दारापर्यंत जात नव्हता. त्याच चार दिवसांत पोरीचं लग्न जमलं, घरात हसणं-खिदळणं, अन् मी चोरासारखा बसून. पाचव्या दिवशी, रविवारी सकाळी, मी उठून तिच्याकडं गेलो.

मावशी टिनाखाली तांदूळ निवडून राह्यली होती. अपेक्षा सुट्टीले आलती, ती बाजूले बसून कपडे घड्या करत होती. तिनं मले पाह्यलं अन् "या काका" नाई म्हणली. मी खाली मातीत बसलो.

"मावशी, त्या दिवशी तुहा अंगठा घरकुलासाठी नव्हता."

"मले मालूम हाय," ती म्हणली. हात थांबला नाई तिचा.

"कधीपासून?"

अपेक्षा बोलली, "सुनावणीच्या आधीचा रविवार. मी फलकावरची नोटीस वाचली अन् आजीले समजावून सांगतली. गाव गेलं की गावाची घरकुलाची यादी बी गेली, हे बी सांगतलं. मी म्हणली होती, खरं सांगजो."

"मंग मावशी, तू खोटं काऊन बोलली?"

मावशीनं ताट बाजूले ठेवलं. "मी घरून खरं बोलाचं ठरवूनच निंघालती. तिथं तुह्याकडं पाह्यलं. मी नाई म्हणली असती तं तुले काढून टाकलं असतं, पोरीचं लग्न राह्यलं असतं. मले वाटलं, मी तुले वाचवतो, मंग तू आपल्या तोंडानं सांगशील. माणूस आपल्या तोंडानं सांगते तवा साहेब लोकं बी थोडं ऐकतेत. मी तं थांबली बी होती, तुले विचारलं तवा."

मी म्हणलं, "मावशी, माहं चुकलं. मी उद्या जातो वर्धेले, कलेक्टर ऑफिसात लिहून देतो. नोकरी गेली तं गेली. उद्याच जातो."

"उद्या काऊन?" मावशी म्हणली. चिडून नाई, खरंच विचारल्यासारखं. "त्या दिवशी तं साहेब समोरच बसला होता, अन् तू माह्या बाजूलेच उभा होता."