चौथ्या मंगळवारचं हाडूक

मंगळवार उजाडला की दोंडाईच्यात पुखराज शेठच्या अंगणात मुंगीला शिरायला वाव नसायचा. शेठाणी जतनबाईंच्या दंडातून अभिमन भगत हाडं काढायचा! दंडावरच्या जखमेला पितळी नळी लावायची, जोरानं चोखायचं आणि थाळीत थुंकायचं. टण्ण! बोटाच्या पेराएवढं हाडूक.

"करणी शे, करणी! दुश्मननी हाडकं पेरेल शेतस. बठ्ठा, एकूण एक काढस मी!" भगत गरजला की लोक हात जोडत. जखम धुवायची नाही, डाक्तरचं नाव काढायचं नाही, अशी त्याची ताकीद होती.

गर्दीमागे अंगण झाडणारी भिकुबाई उभी होती आणि तिच्या जिवाला चैन नव्हतं. वर्षापूर्वी शेठाणीच्या उजव्या दंडावर गळू आलं, फुटलं, ते भरेचना. पू वाहे, ताप येई-जाई. तीन मंगळवारी तीन हाडं निघाली, हात मात्र जास्तच सुजला. आज चौथा मंगळवार, आणि जतनबाईंना साधा पदर सावरता येत नव्हता. याच बाईनं भिकुबाईच्या बाळंतपणात तूप-खारीक धाडली होती.

हाडूक भिकुबाईनं पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. पण बोलायचं कसं? या जैन घरात पिढ्यान्‌पिढ्या कुणी हाड हाती धरलं नव्हतं. भगताचं फावलं ते तिथंच. आणि ‘कोंबडीचं’ म्हणावं, तर आपण घरी काय रांधतो ते शेठसमोर उघड व्हायचं. मग अंगणाचं काम सुटलंच.

भगत नळी घेऊन वाकला. नुसत्या धक्क्यानं जतनबाई कळवळल्या. भिकुबाईला राहवलं नाही.

"थांबा भगतभाऊ! पहिले चूळ भरा."

भगतानं डोळे वटारले, पण एरवी अखंड चालणारं तोंड उघडेना.

"बोलत का नही? शेठानी, येना तोंडमा कोंबडीना पंखनं हाडूक शे. मी दर आयतवारले रांधस. काम जाई ते जावो!"

पुखराज शेठ लालबुंद. तेवढ्यात जतनबाईंनी डाव्या हातानं तांब्या पुढे केला. "भरा चूळ."

भगत उठू लागला. शेठनं त्याचा खांदा दाबला. चूळ थाळीत पडली आणि तिच्याबरोबर हाडूकही. नळी अजून कोरडीच होती.

दुसऱ्या दिवशी जतनबाईंना धुळ्याला नेलं. डॉक्टरांनी जखमेत बारीक सळई घातली. आत काहीतरी खरखरलं.

"हा हाडीव्रण. जंतू हाडात शिरले, हळूहळू पू झाला आणि हाडाचा एक तुकडा मेला. तो आत आहे तोवर जखम भरायची नाही. आणखी उशीर केला असता, तर हात गेला असता."

भूल देऊन तुकडा काढला. करडा, खरखरीत, किडीनं पोखरल्यासारखा. चार महिने पट्ट्या झाल्या, तेव्हा जखम सुकली.

घरी आल्यावर जतनबाईंनी उजव्या हातानं तांब्या उचलून भिकुबाईला प्यायला पाणी दिलं. शेठनं अडवलं नाही. अंगण अजून तीच झाडते.

वाचकहो, चार मंगळवार शेकडो माणसांनी हात जोडले. हाड कशाचं आहे, एवढं मात्र एकानंही विचारलं नाही. हात जोडण्याआधी तेवढं विचारा. आणि ज्याला ठाऊक आहे तो अंगणात झाडू घेऊन उभा असेल, तर त्याला आधी विचारा.