कप्प्यात राहिलेली बत्तीस

मी एक जुनी गोळी आहे. औषधाची नव्हे, रिव्हॉल्व्हरची. मित्रांनो, दचकू नका. तुमच्याहून जास्त मीच भित्री आहे.

कारखान्यात माझं पितळ घडलं आणि बुडावर ३२ हा मापाचा आकडा उमटला. तिथून मी पुण्यात खैरुद्दीनभाईंच्या दुकानात आले. एके दिवशी कॉन्ट्रॅक्टर राजनराव तिथे आले. साइटवर धमक्या येत म्हणून त्यांना लायसन्स मिळालं होतं. सोबतचा मित्र कुजबुजला, "बत्तीसने काय होतंय? गुपचूप नाइन एमएमचं पिस्तूल आणून देतो. नुसतं दाखवलं तरी समोरचा गार पडेल."

खैरुद्दीनभाई शांतपणे म्हणाले, "साहेब, रोज जवळ बाळगायचं तर लायसन्समध्ये बसेल आणि हातात स्थिर राहील तेच घ्या."

राजनरावांनी बराच विचार केला आणि बत्तीस घेतली, सोबत आम्हा गोळ्यांचा डबाही. मला बरं वाटलं. मोठी असते, तर जास्तच घाबरले असते.

ते रिव्हॉल्व्हर एका काळ्या बॅगेत ठेवून साइटवर नेत. एकदा मी घरंगळून आतल्या चेनच्या कप्प्यात गेले आणि तिथेच राहिले.

सत्त्याण्णव साली त्यांची धाकटी बहीण कमलिनी मुलीला घेऊन दुबईहून सुट्टीवर आली. परतताना नेहमीचंच झालं. कुणाचं मेतकूट, कुणाची भाजणी, कुणाच्या सुनेसाठी डिंकाचे लाडू. आखातात जाणाऱ्याला नाही म्हणताच येत नाही. तिच्या बॅगा भरल्या. दादाने आपली काळी बॅग रिकामी करून दिली, पण आतला कप्पा पाहायचा विसरला. विमानतळांवर मी कुणालाच कशी दिसले नाही, देव जाणे.

दुबईत देरा भागातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये पाच वर्षांच्या पर्णिकाने लाडू शोधताना कप्पा उघडला. मला ओठांवरून फिरवत ती म्हणाली, "आई, इज धिस युअर लिपस्टिक?"

कमलिनीने मला हिसकावलं आणि नवऱ्याला हाक मारली. तिचा नवरा जगन्नाथ ट्रेडिंग कंपनीत नोकरीला. जेल, डिपोर्टेशन, पोरीची शाळा, सगळं तो एका दमात बोलून गेला. "खाडीत टाकून येतो," तो म्हणाला.

शेजारचा हनीफ वीस वर्षं तिथे गाडी चालवत होता. तो म्हणाला, "किसीने देखा तो खलास. चलो, पुलिस को सच बोलो. मैं साथ आता हूँ."

जगन्नाथने इस्त्रीचा शर्ट घातला. "दुपारपर्यंत आलो नाही तर पर्णिकाला काही सांगू नकोस," तो म्हणाला. कमलिनी दादाला फोन लावत होती, पण तिच्याकडून नंबर सारखा चुकत होता.

जगन्नाथच्या मुठीत मी भिजून गेले होते. पोलीस ठाण्यातल्या अधिकाऱ्याने मला टेबलावर ठेवलं. "तुझी बंदूक कुठे आहे?" त्याने तीनदा विचारलं. हनीफ अरबीत समजावत राहिला. जगन्नाथ एवढंच म्हणत होता, "बॅग मेव्हण्याची आहे. त्याच्याकडे कागद आहे."

कमलिनीचा फोन अखेर लागला असावा, कारण तीन तासांनी पुण्याहून राजनरावांच्या लायसन्सचा फॅक्स आला. अधिकाऱ्याने मला उलटं केलं. माझ्या बुडावर ३२, लायसन्सवरही ३२. त्याने दोन्ही पुन्हा पाहिले, जगन्नाथची सही घेतली आणि दाराकडे बोट दाखवलं. हनीफने जगन्नाथला काखेत धरून उभं केलं.

त्या दिवशी दुकानात राजनरावांनी गुपचूप मिळणारी नाइन एमएम घेतली असती, तर कुठला कागद आला असता? अजूनही हा विचार आला की मला धडकी भरते.

आता मी त्याच पोलीस ठाण्यात एका लिफाफ्यात, लोखंडी कपाटात आहे. मित्रांनो, घरातल्या मोठ्यांना माझं एवढं सांगाल का? बॅग उसनी देताना आणि घेताना प्रत्येक कप्पा उलटा करून झटका. लायसन्समुळे जगन्नाथ घरी गेला. पण त्याआधी मी पर्णिकाच्या ओठांवर होते, आणि तिथे काही झालं असतं, तर कुठलाच कागद कामाला आला नसता.