बाबा दिसतात ती सीडी

बाबांना जाऊन वर्ष होत आलं, तेव्हा कुठे बबडीने त्यांच्या कपाटाला हात लावला. ती चाळिशीला टेकलेली, दातांची डॉक्टर. पण घरात अजून बबडीच. आई पलंगावर बसून "हे ठेव, ते काढ" असा कारभार बघत होती. खालच्या कप्प्यात सीड्यांची चळत निघाली.

घरात डिजिटल कॅमेरा आला तेव्हा बाबांनी फोटोंच्या सीड्या करायचा सपाटाच लावला होता. सुट्टीच्या दिवशी कॉम्प्युटरपुढे ठाण मांडायचं, सीडी होईपर्यंत टेबलाला कुणी धक्का लावायचा नाही, आणि झाली की वर छापील लेबल चिकटवायचं. "कागदी फोटो पिवळे पडतात गं. ही माझ्या पतवंडांपर्यंत जाईल," असं ते छातीठोकपणे सांगायचे. "आधी नातवंडं तर येऊ देत!" म्हणून दादा चिडवायचा.

बबडीने जुना लॅपटॉप काढला. पहिली सीडी नुसतीच घुरघुरली. दुसरीच्या लेबलाखालचा चंदेरी थर पापुद्र्यासारखा सुटला होता. मग एक मात्र उघडली आणि दोघी हरखून गेल्या.

"अगं, ही तुझी मावशी! केवढी बारीक होती!"

समुद्रावरची सहल, दादाचा पहिला सूट, सगळं निघालं. बाबा तेवढे कुठेच नव्हते. कॅमेरा कायम त्यांच्याच हातात. फार तर कोपऱ्यात त्यांचं बोट आलेलं.

"एकदा तू कॅमेरा ओढून घेतला होतास," आई म्हणाली. "मी तापाने पडले होते तेव्हा."

बबडीला लख्ख आठवलं. बाबा आईचा एप्रन बांधून ऑम्लेटशी झटापट करत होते आणि तिने दणादण फोटो काढले होते. त्या सीडीवर लेबल नव्हतं, बाबांनी पेनाने लिहिलं होतं: 'बबडीचे प्रताप'. ती सापडली, पण लॅपटॉप तिला दाद देईना. पुसून झाली, पुन्हा घालून झाली. तिने दादाला फोन लावला.

"दुसऱ्या मशीनवर लावून बघ. एकाला जमत नाही ते कधीकधी दुसऱ्याला जमतं. आत्याकडे टीव्हीखाली तो जुना डीव्हीडी प्लेअर आहे ना?"

"मी पण येते," म्हणत आईने चपला घातल्यासुद्धा.

बाबांची धाकटी बहीण दोन गल्ल्या सोडून राहायची. तिने प्लेअरवरची धूळ पदराने झटकली. सीडी आत गेली, बराच वेळ काही नाही. मग पडद्यावर वरून खाली एकेक फोटो सावकाश उतरू लागला. पहिला अर्ध्यावरच करडा झाला. दुसराही. तिसरा पूर्ण उतरला आणि त्यात बाबा आले. एप्रन, हातात उलथनं, कपाळ फोटोबाहेर गेलेलं, आणि डोळे मिटेपर्यंत हसणं.

"वहिनी, अण्णा बघ! आमच्या आईसारखाच हसतोय," आत्या म्हणाली.

आई उठून टीव्हीजवळ जाऊन उभी राहिली.

बबडीने घाईघाईने मोबाइलने पडद्याचा फोटो घेतला. बरंच झालं, पुढच्या फोटोवर प्लेअर अडकला तो अडकलाच. पुन्हा पुन्हा घालून पाहिली, सीडीने मान टाकली होती.

"खिडकीचा उजेड पडलाय गं यात, आई," बबडी रडवेली झाली. "आणि वाकडाही आलाय."

"असू दे," आई म्हणाली. "दिसतायत ना? मग झालं."

आत्याने चहा टाकला. तिघींनी तो फोटो कितीदा तरी मोठा करून पाहिला. उरलेल्या चांगल्या सीड्या आजच उतरवून घ्यायच्या, एक प्रत दादाकडे ठेवायची, असं ठरलं. निघताना आई दारातच थांबली. आत्याच्या हातात मोबाइल देत तिने बबडीला जवळ ओढलं.

"काढ गं आमचा एक. नाहीतर ही बापासारखी दुसऱ्यांचेच काढत बसेल."