झील धरणारी

अभिमनला आवाजाचं काम शिकायचं होतं आणि ते शिकवू शकेल असा माणूस अख्ख्या जळगावात एकच होता, हिलालनाना. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी मुंबईत, गाण्यांच्या स्टुडिओत मिक्सरवर घालवलेली. म्हातारपणी गावाकडं परतले तसं अमृतलालशेठनी त्यांना गाठलं. शेठचा धंदा कापसाचा आणि नाद गाण्याचा. जुन्या गोदामाच्या माडीवर त्यांनी रेकॉर्डिंगची खोली थाटली, भिंतींना रुईच्या गाद्या ठोकल्या, मधोमध काच बसवली आणि काचेच्या अलीकडं नानांना आणून बसवलं. कापूस विकायचा सोडून हा गृहस्थ आवाज विकायला निघाला, असं म्हणून बाजारातल्या लोकांनी महिनाभर करमणूक करून घेतली.

अभिमन धरणगावकडच्या एका खेड्यातला. तो रेडिओ दुरुस्तीचं शिकून जळगावात एका दुकानात बसायचा. पंचविशी उलटलेली, लग्नाचं बघताहेत, आणि हे महाशय दुकान सोडून नानांच्या मागं लागले. वहिनीनं, सुंदरबाईनं, भावाची समजूत घातली म्हणून घरी महाभारत झालं नाही. आई लहानपणीच गेल्यामुळं अभिमनला घास भरवण्यापासून शाळेत धाडण्यापर्यंत सगळं वहिनीनंच केलेलं. त्याचा कुठलाही हट्ट आधी तिच्या पदरात पडायचा आणि तिथून भावाकडं जायचा.

नाना शिकवायचे कमी आणि वैतागायचे जास्त. पहिले काही महिने त्यांनी अभिमनला मिक्सरच्या, आवाज कमीजास्त करायच्या खुंट्यांना हात लावू दिला नाही. नुसतं सतरंज्या उचल, ढोलकीवाल्याला मागं सरकव, हार्मोनियमचं तोंड भिंतीकडं कर. "आधी माणसं हलवायची," ते म्हणायचे, "खुंटीला हात सगळ्यात शेवटी." गाणं मोठ्यानं लावून ऐकलेलं त्यांना खपायचं नाही. हळू आवाजात जे ऐकू येतं तेवढंच खरं गाणं, बाकी सगळा डामडौल, हे त्यांचं मत. आणि खाली, गोदामाच्या ओट्यावर त्यांनी एक लहानसा, खरखरणारा स्पीकर टांगला होता. आतलं काम झालं की तिथं जाऊन पाठ फिरवून उभं राहायचं आणि ऐकायचं. लोक काही कानाला यंत्र लावून गाणं ऐकत नाहीत, भाकरी थापता थापता ऐकतात, असं ते सांगायचे.

पण अभिमनच्या डोक्यात सगळ्यात पक्कं बसलं ते दुसरंच. एखादा आवाज ऐकू येत नसेल तर तो वाढवत सुटू नकोस, नाना म्हणायचे, त्याला कोण झाकतंय ते शोध आणि त्याला खाली घे. हे त्याला इतकं पटलं, की बाजारात दोन माणसं भांडताना दिसली तरी कोणाला खाली घेतलं म्हणजे दुसरा स्पष्ट ऐकू येईल असा विचार तो करू लागला.

काम नाजूक होतं, कारण टेप एकपदरी. गाणारे, वाजवणारे सगळे एकदम सुरू व्हायचे. चार माइकचे चार आवाज मिक्सरच्या चार खुंट्यांवरून एकत्र होऊन टेपवर चढायचे आणि चढले की चढले. भाजीत ढवळलेलं मीठ जसं परत वेगळं काढता येत नाही, तसंच. जे काय मिसळायचं ते गाणं चालू असतानाच.

कानबाईच्या गाण्यांची तबकडी काढायची कल्पना शेठची. खानदेशात श्रावणात घरोघर कानबाई देवी बसते आणि बायका रात्ररात्र गातात, तर ही गाणी खपणारच, असा त्यांचा व्यापारी हिशेब. मुंबईच्या एका कंपनीचा माणूस नमुना ऐकायला यायला तयार झाला. बाया कुठल्या आणायच्या हा प्रश्न निघाला तेव्हा अभिमन पटकन बोलून गेला, "आमच्या गावच्या आणतो."

त्याच्या गावात गाणं म्हणजे तानुबाई, गावातल्या पोरासोरांची अक्का. साठीची बाई, आवाज भरदार, शेकड्यानं गाणी तोंडपाठ. आणि तिच्या मागं झील धरायला सुंदरबाई. झील धरायची म्हणजे पुढचीनं ओळ म्हटली की मागचीनं ती उचलायची. पण या दोघींची तऱ्हा अशी, की तानुबाईची ओळ संपायच्या आतच, शेवटच्या शब्दावरच सुंदरबाई ती उचलायची. तिच्या आवाजाच्या आडोशाला तानुबाई दम घ्यायची आणि सुंदरबाईची ओळ संपत आली की पुढची सोडायची. त्यामुळं गाणं कुठं तुटायचंच नाही. निंदणीच्या शेतात, लग्नाच्या मांडवात, जात्यावर, वर्षानुवर्षं असंच. गावात कुणी त्यांना वेगवेगळं ऐकलेलंच नव्हतं.

रेकॉर्डिंगच्या दिवशी दुपारी दोघी नवी लुगडी नेसून गाद्यांच्या त्या खोलीत अंग चोरून बसल्या. नानांनी माइक लावून दिले, ढोलकीवाल्याला कोपऱ्यात धाडलं आणि अचानक म्हणाले, "आज खुंट्यांवर तू बस. मी ओट्यावरून ऐकतो." अभिमन मिक्सरपुढं सरकला. याच दिवसासाठी त्यानं सतरंज्या उचलल्या होत्या. शेजारच्या खुर्च्यांवर शेठ आणि तो मुंबईचा पाहुणा.

गाणं सुरू झालं. कानाला यंत्र लावून ऐकताना अभिमनला प्रथमच जाणवलं, की वहिनी अक्काच्या शब्दांवर चढते आहे. प्रत्येक ओळीच्या शेवटी नुसती झटापट. त्यात वहिनीचा आवाज पातळ, जरासा नाकातला. याच आवाजानं लहानपणी त्याला दिवेलागणीला हाका मारल्या होत्या, आणि आज पाहुण्यासमोर त्याला त्याची लाज वाटली. होय, लाजच. नंतर त्यानं या गोष्टीला बरीच चांगली चांगली नावं देऊन पाहिली, पण खरं नाव तेच होतं.

गाणं थांबवून तिला दोन पावलं मागं बसवता आलं असतं. आधी माणसं हलवायची, हेच तर नाना घसा कोरडा करून सांगत आले होते. पण टेप फिरत होती, शेठ मांडीवर ठेका धरून बसले होते. अभिमननं वहिनीची खुंटी धरली आणि ती तोंड उघडेल तशी खाली घ्यायला लागला. तानुबाईचे शब्द एकदम मोकळे झाले. पाहुण्यानं मान डोलावली. ती मान अभिमनला गोड लागली, आणि पुढच्या गाण्यात त्यानं खुंटी पार तळाला नेऊन ठेवली.

ओट्यावरून नाना आत आले. "शब्द छान सुटे आलेत," ते म्हणाले. "पण ती दुसरी बाई कुठं गेली?"

"आवाज कापत होता, नाना. घाबरली होती ती."

नानांनी क्षणभर त्याच्याकडं पाहिलं. "कान तुझा, हात तुझा. तुला पटलं असेल तर ठीक." आणि त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. वहिनीचा आवाज कापला नव्हता. ती अजिबात घाबरली नव्हती. दोघींना धरणगावची एसटी गाठायची होती, म्हणून ऐकायला न थांबता त्या गेल्याही.

तबकडी निघाली. अभिमननं ती स्वतः गावी नेली, कानबाईच्या विसर्जनाच्या सकाळी. मारुतीच्या पारावर कर्णा बांधला होता, प्रसादाचे रोट खाऊन सुस्तावलेलं गाव जमलं होतं. तबकडी फिरली आणि तानुबाईचा आवाज घराघरांवरून गेला. लोक खूश. मग एक म्हातारी म्हणाली, "सुंदर कोठे शे?" दुसरं गाणं लागलं, तिसरं लागलं. बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. ओळीच्या शेवटी कुठंतरी लांब, विहिरीत कोणी बोलावं तसं काहीतरी होतं आणि ते म्हणजे सुंदरबाई.

अभिमनचे कान तापले. आता तोंड उघडायचं तर काय सांगायचं? तेवढ्यात वहिनीच पुढं झाली आणि हसत म्हणाली, "मशीनमा मना आवाज उतरनाच नही. त्याम्हा पोऱ्याना काय दोष?" लोक हसले. कुणीतरी म्हणालं, मशीनलाही जाड आवाजाचं माणूस लागतं. वहिनी परत चुलीकडं गेली. आणि अभिमन, मिक्सरवाला अभिमन, होय मशीनचं तसंच असतं, असं चारचौघांत बोलून मोकळा झाला. त्या दिवशीचा रोट त्याच्या घशाखाली उतरेना. आजारी आहेस का, म्हणून वहिनीनंच विचारलं.

तबकडी खपली. नानांनी त्याला खुंट्या कायमच्या सोपवल्या, शेठ येणाऱ्याजाणाऱ्याला त्याचं नाव सांगू लागले. जे हवं होतं ते सगळं मिळालं आणि त्यातलं काही अंगी लागेना. कोणाचाही आवाज खाली घेताना त्याचा हात अडखळायचा. दिवाळीनंतर कंपनीनं आणखी गाणी मागितली. शेठनी गाडी पाठवली तर तानुबाई ती रिकामीच परत पाठवून म्हणाली, "सुंदर नही तर मी बी नही. ती नही तर मना दम पुरत नही." आणि सुंदर काही गात नव्हती. श्रावणापासून तिनं तोंडच उघडलेलं नाही, ना मांडवात, ना शेतात. शेठ अभिमनला म्हणाले, "तुमच्याच घरचं माणूस, तुम्हीच घेऊन या."

तो गेला. रस्ताभर त्यानं कबुलीची जुळवाजुळव केली आणि ओसरीवर पोचेपर्यंत सगळी विसरला. वहिनी वाल सोलत बसली होती. तो समोर बसला आणि एवढंच म्हणाला, "वहिनी, मशीनची काही चूक नव्हती."

"माले माहीत शे," ती म्हणाली. हातातलं काम तिनं थांबवलं नाही. "काचमाईन माले तुना हात दखाये. मी तोंड उघडं का तो फिरे."

अभिमनला वाटलं, जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं. म्हणजे पारावर ती जे बोलली ते त्याला झाकण्यासाठी. सगळं माहीत असून. आणि त्यानं वर तिच्याच शब्दांच्या आडून मशीनवर खापर फोडलं होतं. तो रडायला लागला, चांगला बाप्या माणूस, आणि माफ कर, माफ कर म्हणत राहिला.

"येडा शे का तू? राग नही माले," वहिनी म्हणाली. "तू शिकेल शे. तुले काही तरी खराब वाटनं व्हई, बिगर कारण तू असं करावं नही. मनं काय चुकस ते सांग. मी सुधारसू."

इथं अभिमननं गप्प बसायला हवं होतं. काही चुकत नाही, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण गुन्हेगार माणसाला स्वतःच्या बाजूनं चार शब्द बोलायची भारी हौस असते. तो नाक पुसत म्हणाला, "काही नाही गं. अक्काची ओळ संपायच्या आधीच तू उचलतेस, म्हणून तिचे शब्द झाकले जातात. तेवढंच."

"तेवढंच?" वहिनी म्हणाली. तिचा चेहरा उजळला. "मंग येस मी."

पुढच्या आठवड्यात दोघी पुन्हा त्या खोलीत बसल्या. या वेळी अभिमननं नानांना सांगून माणसं आधी हलवली. वहिनीला नीट जागा दिली, माइक तिच्या उंचीला आणला, खुंटी अक्काच्या बरोबरीनं वर ठेवली आणि दोन्ही हात पाठीमागं बांधून उभा राहिला, काचेतून तिला ते दिसावं म्हणून.

तानुबाईनं पहिली ओळ म्हटली. शेवटचा शब्द आला, सरला. मग अगदी रिकामी जागा. त्या जागेत तानुबाईनं ओढलेला श्वास माइकनं टिपला. आणि मग, शब्द पूर्ण संपल्याची खात्री करून, वहिनीनं ओळ उचलली. एक शब्द कुठं झाकला गेला नाही. तिची ओळ संपली, पुन्हा रिकामी जागा, मग तानुबाई. शाळेतली मुलं पाढे म्हणतात तसं दोघी आळीपाळीनं म्हणू लागल्या. तिसऱ्या ओळीला तानुबाईनं गोंधळून वळून पाहिलं. पाचव्या ओळीला तिला खोकला आला. वहिनी तिच्याकडं बघतच नव्हती. काचेतून अभिमनकडं बघत होती आणि प्रत्येक ओळीनंतर, जमलं का, अशी भुवई वर करत होती.

अभिमननं तिची खुंटी वाढवली, मग आणखी वाढवली. आवाज मोठा झाला. पण वाढवून जे यायला हवं होतं ते त्या आवाजात राहिलंच नव्हतं.

त्यानं गाणं थांबवलं, दार उघडून आत गेला आणि तिच्यापुढं बसला. "वहिनी, मी चुकलो होतो. तू आधीसारखं म्हण. संपायच्या आत उचल."

तिनं खरंच प्रयत्न केला. एकदा फार लवकर उचलली, एकदा अर्ध्यात अडली, एकदा दोघींचे शब्द एकमेकांवर आदळले. मग तिनं हात मांडीवर ठेवले. "पहिले माले माहीतच नव्हतं मी कव्हय उचलस ते," ती म्हणाली. "आते मी वाट दखस."

"राहू द्या, बाई," नाना ओट्यावरून आत येत म्हणाले. त्यांना मागचं काहीच ठाऊक नव्हतं. "मघासारखंच म्हणा. चांगलं स्वच्छ येत होतं ते."

शेठनी मान डोलावली. वहिनीनं काचेकडं पाहिलं, मग अभिमनकडं, आणि आपल्या दिराचं काम एकदाचं नीट करून दिलं म्हणून समाधानानं हसली. टेप फिरायला लागली. तानुबाईचा श्वास प्रत्येक ओळीनंतर उघडा पडत गेला आणि अभिमन तो शेवटपर्यंत ऐकत उभा राहिला.